फोटो, कविता, नाटक, आरती ऑनलाइन टाकली की ती कुणाची? गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वर्षभर येतच असतात, चवथीला (गणेशचतुर्थीला) आणि शिगम्याला (गोव्यातल्या होळीच्या सणाला) जरा जास्त. मी वकील नाही, फोटो-व्हिडिओचं काम करतो आणि फोंडा-डिचोली भागातल्या भजनी मंडळांची, नाटकवाल्यांची आणि एकदोन होमस्टेंची पेजेस सांभाळतो. कॉपीराइटचा कायदा नीट बसून वाचलाय एवढंच. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो. कोर्टात जायची वेळ आली तर मात्र वकीलच गाठा.

इन्स्टावर फोटो टाकला की तो इन्स्टाचा होतो का?

नाही. फोटो तुमचाच राहतो. अकाउंट उघडताना आपण न वाचता जे ओके करतो त्यात तुम्ही कंपनीला वापरायची परवानगी देता, मालकी देत नाही. परवानगी मोठी असते हे खरं, जगभर चालणारी, फुकट, आणि पुढे दुसऱ्यालाही देता येईल अशी. पण ती एकट्या त्यांनाच दिलेली नसते, म्हणजे तोच फोटो तुम्ही उद्या कॅलेंडरवाल्याला विकू शकता, प्रदर्शनात लावू शकता. आणि मुख्य म्हणजे ही परवानगी कंपनीला आहे, तुमच्या फोटोखाली "वा सुंदर" लिहून तो स्वतःच्या हॉटेलच्या पेजवर चिकटवणाऱ्या माणसाला नाही. शेअरचं बटण दाबणं वेगळं आणि डाउनलोड करून, लोगो कापून, परत अपलोड करणं वेगळं.

"मी फेसबुकला माझे फोटो वापरायची परवानगी देत नाही" ही पोस्ट वॉलवर टाकली तर?

काही होत नाही. अकाउंट उघडताना जे मान्य केलंय ते वॉलवर चार ओळी चिकटवून रद्द होत नाही. अटी नको असतील तर अकाउंट बंद करणं हाच उपाय. ती पोस्ट फिरवणाऱ्या काकांना हे सांगून उपयोग नसतो, तरी सांगा.

कॉपीराइट घ्यायला कुठे अर्ज करायचा? पणजीत ऑफिस आहे का?

कॉपीराइट "घ्यावा" लागत नाही. कविता कागदावर उतरली, फोटो कार्डात साठला, गाणं मोबाइलवर रेकॉर्ड झालं की त्याच क्षणी तो असतो. आपला कायदा १९५७ चा, त्यात नोंदणी ऐच्छिक आहे. ऑफिस दिल्लीला आहे आणि अर्ज ऑनलाइन भरता येतो, साहित्य किंवा संगीताला ५०० रुपये, ध्वनिमुद्रणाला २०००, सिनेमा-व्हिडिओला ५०००. अर्ज केला की डायरी नंबर येतो आणि कुणाची हरकत येतेय का म्हणून ३० दिवस थांबतात.

मग नोंदणी करायची कशाला? तर उद्या भांडण झालं तर नोंद हा प्रथमदर्शनी पुरावा धरतात. माझं मत विचाराल तर प्रत्येक फोटोची, प्रत्येक चारोळीची नोंदणी हा वेडेपणा आहे. नाटकाची संहिता, पुस्तक, ज्यावर पुढे पैसे मिळणारेत असं गाणं, याची जरूर करा. बाकीच्यांनी ओरिजनल फाइल सांभाळली तरी पुष्कळ. कॅमेऱ्यातली मूळ रॉ फाइल चोराकडे कधीच नसते, त्याच्याकडे फक्त इन्स्टावरून उचललेली बारकी कॉपी असते, आणि वाद झाला की पहिल्यांदा हेच विचारतात की मूळ फाइल कुणाकडे आहे.

स्वतःलाच रजिस्टर पोस्टानं पाकीट पाठवून न फोडता ठेवायची जुनी युक्ती अजून काहीजण करतात. तिला कायद्यात वेगळी किंमत नाही.

वॉटरमार्क नाही, गोलातला सी (©) नाही, म्हणजे कुणीही वापरावं ना?

नाही. १९२८ पासून भारत कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात आहे आणि त्या करारात हक्क मिळायला कसलीही खूण, शिक्का, नोंद लागत नाही. खूण टाकलीत तर चांगलंच, माहीत नव्हतं असं म्हणायची सोय उरत नाही. पण माटोळीच्या (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या सजावटीच्या) फोटोवर मधोमध हातभर नाव टाकून फोटोची वाट लावू नका हो.

खाली "साभार" लिहिलं. आता तरी चालेल?

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे म्हणून जरा सविस्तर.

नाव देणं आणि परवानगी घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एक केली म्हणून दुसरी माफ होत नाही. आपल्या मराठी लोकांत "साभार" ही जादूची कांडी झालीय, साभार गुगल, साभार व्हॉट्सॲप, साभार इंटरनेट. गुगलनं कधी फोटो काढलाय? फोटो कुणीतरी मोर्जीला पहाटे वाळूत आडवं पडून काढलेला असतो. त्याला न विचारता तो छापला आणि खाली त्याचं नाव जरी बरोबर लिहिलं तरी परवानगी नव्हतीच.

सूट कुठे आहे? कायद्याचं कलम ५२ वाचा. स्वतःच्या अभ्यासासाठी, खासगी वापरासाठी, टीका किंवा परीक्षण करताना, चालू घडामोडींची बातमी देताना वाजवी वापर चालतो. म्हणजे कवितासंग्रहावर लिहिताना चार ओळी उद्धृत केल्या तर ठीक, अख्खी कविता टाकून खाली "अप्रतिम!!" लिहिलं तर ते परीक्षण नव्हे. किती ओळी चालतात याचा आकडा कायद्यात कुठेच नाही, ते ३० सेकंद आणि १० टक्के वगैरे लोकांनी पिकवलेलं आहे. कोर्ट बघतं ते तुम्ही किती घेतलं, कशासाठी घेतलं, आणि त्यामुळे मूळ कामाचा धंदा बसतो का.

विचारायला लागतो एक मेसेज. "तुमचा हा फोटो आमच्या मंडळाच्या चवथीच्या पोस्टरला वापरू का, नाव टाकतो." दहातले बरेचजण हो म्हणतात. तो मेसेज डिलीट करू नका, लेखी परवानगी म्हणून तोच दाखवायचा असतो.

माझी कविता व्हॉट्सॲपवर दुसऱ्याच कुणा मोठ्या कवीच्या नावानं फिरतेय. खूश व्हावं की रडावं?

दोन्ही करा. पण कलम ५७ लक्षात ठेवा, लेखकाला दोन खास हक्क आहेत, हे काम माझं आहे असं म्हणायचा आणि कुणी मोडतोड करून माझी अब्रू घालवत असेल तर त्याला अडवायचा. कॉपीराइट विकून टाकला तरी हे दोन लेखकाकडेच राहतात. प्रत्यक्षात व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड कोण कोण करतंय ते शोधत बसणं म्हणजे मांडवीचं पाणी ओंजळीनं उपसणं. त्यापेक्षा कविता जिथे पहिल्यांदा टाकलीत तिथली तारखेसकट लिंक धरून ठेवा, पेपरनं किंवा यूट्यूब चॅनलनं ती चुकीच्या नावानं उचलली तर त्यांना पकडता येतं, तिथे निदान पत्ता असतो.

लग्नाचे फोटो फोटोग्राफरचे की आमचे?

इथे भल्याभल्या फोटोग्राफरांना धक्का बसतो. कलम १७ म्हणतं की कुणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन फोटो, पोर्ट्रेट किंवा फिल्म केली तर, उलट काही ठरलेलं नसेल तर, पहिला मालक म्हणजे पैसे देणारा. म्हणजे तुमच्या वहिनीचा हळदीचा फोटो फोटोग्राफरनं स्वतःच्या जाहिरातीला वापरायचा असेल तर त्यानं विचारलं पाहिजे. आम्ही फोटोवाले म्हणून कोटेशनमध्येच एक ओळ घालतो, "निवडक फोटो कामाचे नमुने म्हणून दाखवू". ती ओळ नको असेल तर पार्टीनं आधीच सांगायचं, अल्बम आल्यावर नाही.

हेच उलट बाजूनं. पैसे न घेता, स्वतःच्या हौसेनं सांगोडाच्या सजवलेल्या होड्यांचे किंवा दिवाळीतल्या नरकासुराचे फोटो काढलेत तर ते तुमचे. फोटोत जो दिसतोय तो मालक नसतो. त्याच्या खासगीपणाचा प्रश्न असू शकतो, पण तो कॉपीराइटचा नाही.

जत्रेला आम्ही गावचं नाटक केलं, शूटिंग यूट्यूबवर टाकलं आणि लेखकाच्या घरून फोन आला. आम्ही तर तिकीटही लावलं नव्हतं.

गोव्यात हा प्रश्न येणारच. देवळाच्या मांडात (समोरच्या मोकळ्या जागेत) कालो, जत्रा, सप्ताह काही असलं की मराठी नाटक हवंच, आणि आता प्रत्येक मंडळाकडे एक तरी पुतण्या असतो जो तीन कोनांतून शूट करून रात्रीच अपलोड करतो.

कायद्यात हौशी मंडळांना सूट आहे. हौशी क्लबनं किंवा संस्थेनं पैसे न घेता प्रेक्षकांसमोर, किंवा धार्मिक संस्थेच्या फायद्यासाठी, नाटक किंवा संगीत सादर केलं तर तो भंग धरत नाहीत. म्हणजे मांडातला प्रयोग बऱ्यापैकी सुरक्षित. बऱ्यापैकी म्हणतो कारण स्त्रीपात्रं बाहेरून पैसे देऊन आणली, ऑर्गन-तबलावालेही ठरवून आणले, तर ते हौशी कितपत यावर कुणी वाद घालू शकतो.

पण ही सूट *सादर करण्याला* आहे. शूटिंग करून नेटवर टाकणं हा वेगळा हक्क आहे, लोकांपर्यंत पोचवण्याचा, आणि तो लेखकाकडे किंवा त्याच्या वारसांकडे असतो. त्या रात्री मांडात तीनशे लोक बसले होते, यूट्यूबवर ते कायमचं पडून राहतं, वर जाहिराती लागतात, आणि पुढच्या वर्षी दुसरं मंडळ संहिता विकत घेण्याऐवजी व्हिडिओ बघून संवाद उतरवून घेतं. लेखकाचं मानधन तिथेच बुडतं. त्यात आणखी नाट्यगीतं असतील तर संगीतकाराचाही प्रश्न आला, आणि रंगमंचावर जे उभे राहिले त्यांचाही वेगळा हक्क आहे, कलावंताचा, तो ५० वर्षं टिकतो. म्हणजे रुसून मंडळ सोडून गेलेला नायकही म्हणू शकतो की माझं रेकॉर्डिंग मला न विचारता टाकलंत.

काय करायचं? लेखकाची परवानगी घ्यायला जाता तेव्हाच पत्रात दोन गोष्टी वेगळ्या लिहून घ्या, प्रयोग आणि ऑनलाइन व्हिडिओ. बरेच लेखक पाच मिनिटांचा तुकडा टाकायला हरकत घेत नाहीत. आणि मानधनाचं म्हणाल तर कायद्यात सूट आहे म्हणून लेखकाला नारळ-पाकीटही न देणं हे मला तरी पटत नाही. मंडपाला, लायटिंगला, जेवणाला मोजतो ना आपण?

घुमट (मातीचं तालवाद्य) वाजवून आरती आम्ही स्वतः म्हटली, तरी यूट्यूबवर क्लेम, म्हणजे दुसऱ्याचा मालकीचा दावा, कसा आला?

कारण क्लेम मशीन टाकतं. तिथली कंटेंट आयडी नावाची यंत्रणा नव्या व्हिडिओचा आवाज कंपन्यांनी दिलेल्या रेकॉर्डिंगशी ताडून बघते, आणि एकाच चालीची आरती शंभर जणांनी रेकॉर्ड केलेली असली की गफलत होते.

रामदासांची, नामदेवांची रचना कुणाच्या मालकीची नाही. पण त्याच आरतीचं एखाद्या कंपनीनं केलेलं *रेकॉर्डिंग* मात्र त्यांचं असतं, प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. तुम्ही त्यांचा ट्रॅक मागे लावून त्यावर घुमट वाजवलं असेल तर क्लेम बरोबर आहे. सगळं तुमचंच असेल तर डिस्प्यूट टाका, रचना पारंपरिक आहे आणि गायन-वादन आमच्या मंडळाचं आहे असं साध्या भाषेत लिहा, समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. क्लेम म्हणजे स्ट्राइक नव्हे, त्यानं बहुतेकदा फक्त जाहिरातीचे पैसे तिकडे जातात. स्ट्राइक, म्हणजे तक्रारीवरून व्हिडिओच काढून टाकणं, हे गंभीर, ९० दिवसांत तीन झाले की चॅनल जातो.

आणि हो, आपल्या मंडळानं रचलेली *नवी* आरती असेल तर ती कुणी रचली ते आजच लिहून ठेवा. "मंडळाची आहे" असं म्हणतात आणि मंडळ फुटलं की दोन्ही गट तीच म्हणतात.

लग्नाच्या हॉलवर गाणी लावायला लायसन्स लागतं का? सरकारनं तर माफ केलं होतं ना?

जानेवारी २०२४ मध्ये गोवा सरकारनं परिपत्रक काढलं होतं की धार्मिक विधी आणि लग्नसमारंभात गाणी वाजवायला रॉयल्टी मागता येणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं ते रद्द केलं. ते परिपत्रक अजून काहीजण फोनमध्ये घेऊन फिरतात, त्याचा उपयोग नाही. कायद्यातली मूळ सूट मात्र आहे तिथेच आहे, धार्मिक विधी, लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले सामाजिक समारंभ यांना. नेमकं कुठपर्यंत ती पोचते, विधीपर्यंत की बीच रिसॉर्टवरच्या रात्रीच्या डीजेपर्यंत, तिथेच सगळी भांडणं होतात. हॉल बुक करताना लायसन्स कुणी काढायचं हे आधी विचारून लेखी घ्या.

होमस्टेच्या रीलला इन्स्टाचंच गाणं लावलं, तेही चालत नाही?

ॲपमधली बरीचशी गाणी खासगी, घरगुती वापरापुरती दिलेली असतात. धंद्याच्या अकाउंटला म्हणूनच कमी गाणी दिसतात. त्यावर उपाय म्हणून पर्सनल अकाउंट करून तिथून "रूम बुक करा" सांगणं ही हुशारी नाही, जाहिरात ती जाहिरातच. रॉयल्टी-फ्री संगीत घ्या किंवा गावच्या पोराकडून दहा सेकंदांची घुमटाची चाल वाजवून घ्या, पैसे देऊन, दोन ओळी लिहून.

जुन्या लेखकांचं साहित्य कधी मोकळं होतं?

लेखक गेला त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. आपल्याकडची उदाहरणं घेऊ. सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १९४७ मध्ये गेले, त्यांचं मराठी लेखन २००८ सुरू होताच मोकळं झालं, टाइप करून नेटवर टाका, कुणाला विचारायला नको. चित्रकार आंजेलो द फोन्सेका १९६७ मध्ये गेले, म्हणजे २०२७ संपेपर्यंत थांबा. बाकीबाब बोरकर १९८४ मध्ये गेले, त्यांच्या कविता २०४४ अखेरपर्यंत वारसांच्या. व्यंगचित्रकार मारियो मिरांडा २०११ मध्ये, म्हणजे २०७१. मारियोंची चित्रं कॉफीच्या मगांवर आणि टीशर्टवर छापून कळंगुटला विकणाऱ्यांनी हा आकडा दुकानात लावून ठेवावा.

एक खाच आहे. लेखन मोकळं झालं तरी नव्या आवृत्तीला लिहिलेली प्रस्तावना, टीपा, नवा अनुवाद, मुखपृष्ठ हे ज्यानं केलं त्याचं असतं. स्कॅन करताना तेवढी पानं वगळा.

पणजीत भिंतींवर चित्रं आहेत, त्यांचे फोटो विकले तर?

इमारतीचा फोटो काढायला आणि छापायला कायद्यात स्पष्ट सूट आहे, सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या पुतळ्यालाही. भिंतीवरच्या चित्राच्या फोटोला तशी स्पष्ट सूट लिहिलेली नाही. व्हिडिओत मात्र सार्वजनिक जागचं कुठलंही कायम चित्र आलं तरी चालतं. असंच आहे, मी काय करू. स्वतःच्या आठवणीसाठी काढा, पोस्टकार्ड छापून विकायची असतील तर चित्रकाराला शोधा, नाव बहुतेकदा कोपऱ्यात असतं.

खतखत्याची रेसिपी चोरली!

जिन्नसांची यादी आणि कृतीची कल्पना कुणाचीच नाही. तुम्ही ती ज्या शब्दांत लिहिलीत ते शब्द आणि ताटाचा फोटो तुमचा. कुणी स्वतः करून स्वतःच्या शब्दांत लिहिलं तर गप्प बसा.

पेपरच्या रविवारच्या पुरवणीत लेख आला, तो मी माझ्या पेजवर टाकू का?

बाहेरून लिहिणारे असाल आणि काही सही केलं नसेल तर लेख तुमचा. पेपरच्या पानाचा फोटो टाकू नका, तिथली मांडणी आणि चित्र त्यांचं असतं, तुमचा मजकूर टाका. सही केली असेल तर ती परत वाचा. हक्क देणं लेखी आणि सही केलेलंच लागतं, तोंडी "दिलं हो" चालत नाही. त्यात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पगारी नोकरीत केलेलं काम साधारणपणे मालकाचं, हे शाळा-कॉलेजातल्या लोकांनी लक्षात ठेवा, नोट्स विकायच्या आधी नेमणूकपत्र काढून बघा.

विकिपीडियाला गावच्या देवळाचे फोटो द्यावेत का?

द्या, पण समजून द्या. तिथे क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली द्यावे लागतात, म्हणजे नाव देऊन कुणीही वापरेल, धंद्यालाही, आणि नंतर मन बदललं तरी दिलेला परवाना मागे घेता येत नाही. विकायचे ठेवायचे असतील ते घरीच ठेवा.

एआयनं काढून दिलेलं चित्र माझं का?

आपल्या कायद्यात संगणकानं तयार केलेल्या कामाचा कर्ता म्हणजे ते करवून घेणारा माणूस असं एक वाक्य आहे, पण ते जुन्या काळचं, आजच्या एआयचा विचार करून लिहिलेलं नाही. उलट बाजूचं भांडण, म्हणजे आमचा मजकूर न विचारता एआयला का शिकवला, हे एएनआय या वृत्तसंस्थेनं २०२४ मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयवर केस घालून दिल्ली उच्च न्यायालयात नेलंय. पोस्टरला एआयचं चित्र वापरलंत तर त्यावर मालकीच्या गर्जना करू नका एवढंच.

चोरी झालीच. आता नक्की काय करू?

पहिलं, कमेंटमध्ये शिव्या घालू नका. समोरचा पोस्ट उडवतो आणि पुरावा जातो. एका मैत्रिणीनं रांगोळीचा फोटो एका हॉटेलच्या पेजवर बघितला, खाली तिच्या सगळ्या भाच्या तुटून पडल्या, अर्ध्या तासात पोस्ट गायब आणि हिच्याकडे स्क्रीनशॉटही नव्हता.

तेव्हा आधी स्क्रीनशॉट घ्या, लिंक आणि तारीख दिसेल असा. लिंक वेगळी कॉपी करून ठेवा. केस झाली तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते वकील बघेल, पण फोन बदलू नका, मूळ फाइल उडवू नका. मग शांत मेसेज, हा फोटो माझा आहे, काढा किंवा इतके पैसे द्या. किती मागायचे? तुम्ही एरवी तेवढ्या वापराला जे घेता ते, दहा लाख नाही. बरेच प्रश्न इथेच मिटतात कारण निम्म्या वेळा फोटो उचलणारा म्हणजे पेज सांभाळणारा वीस वर्षांचा मुलगा असतो आणि मालकाला पत्ताच नसतो.

ऐकलं नाही तर प्लॅटफॉर्मचा कॉपीराइट फॉर्म भरा. आपल्या नियमांप्रमाणे लेखी तक्रार पोचल्यावर ३६ तासांत मजकूर बंद करायचा असतो, आणि तुम्ही कोर्टाचा आदेश आणला नाही तर २१ दिवसांनी तो परत चालू करता येतो. म्हणून तक्रार करून विसरून जाऊ नका. फॉर्म खोटा भरू नका, शेजारणीवरचा राग काढायची ती जागा नव्हे.

त्याच्याही पुढे जिल्हा न्यायालय. चोर दिल्लीत बसला असला तरी तुम्ही जिथे राहता तिथल्या न्यायालयात दावा लावता येतो, ही कॉपीराइटवाल्यांची मोठी सोय. जाणूनबुजून भंग केला तर गुन्हाही होतो, ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड, आणि तो दखलपात्र, अजामीनपात्र आहे असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलंय. पण एका रांगोळीच्या फोटोसाठी पोलीस स्टेशनला जाऊ नका, तिथले हवालदारही तुम्हाला तेच सांगतील.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बायकांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. जाताना स्क्रीनशॉटचे प्रिंट, लिंक आणि मूळ फाइल पेनड्राइव्हवर घेऊन जा, मोबाइलमध्ये शोधत बसू नका.